पियानोला मुशीचं तेल

संपादकांचं पत्र आलं. "मेस्त्री, होड्या बांधण्यात गेलेल्या आपल्या आयुष्याचा पट दिवाळी अंकासाठी लिहून द्या." डोळे अधू झाल्यापासून माझं लिहिणं मुलगी करते. तिला म्हटलं, लिही: जन्मलो, लाकूड तासायचा वाकस हातात धरला, होड्या बांधल्या, म्हातारा झालो. झाला पट. ती म्हणाली, "बाबा, एवढ्यावर ते अंकसुद्धा पाठवायचे नाहीत."

बरं तर. चाळीस वर्षांत बांधलेल्या एकेका होडीची कुळकथा सांगत बसलो तर वाचणारा पुढच्या दिवाळीपर्यंत जांभया देईल. माझ्या हातची एकही होडी बुडाली नाही, हे तेवढं आधी नोंदवून ठेवतो. मी आयुष्यात एकच वस्तू बुडवली आणि ती जमिनीवर होती. त्याबद्दल मी आजवर धड कुणाला सांगितलेलं नाही, ते आता सांगून टाकतो.

आधी आमचं काम समजून घ्या. रेवदंड्याच्या खाडीवर आमचा मांडव होता. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं ते दोन गोष्टींवर, सांध्यावर आणि तेलावर. फळीला फळी अशी बसवायची की मध्ये केस जाता कामा नये. जिथे भोक पडलं, खिळा सैल झाला, तिथे लाकडाची सुकी गुट्टी ठोकायची. ती पाणी पिते, फुगते आणि भोक कायमचं बुजतं. मग तेल. मुशी म्हणजे आमच्या समुद्रातला लहान शार्क. त्याच्या काळजाचं तेल कढवून होडीला पाजायचं. पाजायचं म्हणजे पाजायचंच, वरून पुसायचं नव्हे. लोखंडाला गंज नाही, लाकडाला कीड नाही. वास मात्र असा की नवा माणूस दोन दिवस जेवत नाही. आमची मंडळी, म्हणजे सुंदरा, लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस नाकाला पदर लावून वावरायची. नवव्या दिवशी पदर सुटला आणि जीभ सुटली, ती पुढे कधी थांबली नाही.

मला त्या वेळी माझ्या कामाचा भारी गर्व. मुरुडचा एक तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, नवी होडी घेऊन गेला आणि आठ दिवसांत तणतणत परत आला. "मेस्त्री, तुमची होडी डावीकं वढते." मी तीन दिवस होडी मापली. दोऱ्या लावल्या, ओळंबे सोडले. कुठे सुतभर फरक नाही. शेवटी त्याच्याबरोबर समुद्रात गेलो, तर हा सव्वादोन मणांचा गडी जन्मभराच्या सवयीनं डाव्या अंगाला बूड टेकून बसलेला! मी म्हटलं, "तांडेल, होडी सरळ हाय. तुमी उजवीकं सरका." तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत सुटलो की चुकतो तो माणूस, लाकूड नव्हे आणि मेस्त्री तर नव्हेच. माझ्या मस्तीचा हा एवढा पुरावा पुरे.

आता पोलंडच्या बाई. पन्नास आणि साठच्या मधली गोष्ट, साल नक्की आठवत नाही. दिवाळी होऊन गेली होती. पांडू तांडेलाचा मचवा मुंबईहून कौलं, साखर, रॉकेल घेऊन यायचा. त्या दिवशी तो बंदराला लागला आणि पांडूनं मला बोलावणं पाठवलं. मचव्यात एक प्रचंड लाकडी खोकं, आणि खोक्यावर एक गोरी बाई गवताची टोपी घालून बसलेली. रात्रभराच्या प्रवासात ती म्हणे तिथून उठली नव्हती.

पांडू माझ्या कानाशी आला. "मेस्त्री, या खोक्यात रेडा हाय का काय? सा माणसांनी हालत न्हाय. आन मडम उतरत न्हाय."

मी माणसं लावली, फळ्यांची उतरण केली, खाली ओंडके घातले. खोकं जरा कलंडलं तशी वरून बाई कडाडली, "हळू घ्या की ओ! भाताचं पोतं हाय व्हय त्ये?"

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मडम मराठी बोलली याचं नवल नव्हे, ती चक्क कोल्हापुरी बोलली. पांडूच्या तोंडातली विडी खाली पडली.

मागाहून कळलं ते असं. बाईंचं नाव हालिना. लढाईत घर, माणसं, सगळं गेलं, आणि फिरत फिरत त्या हिंदुस्थानात आल्या. कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, तिथे त्यांची पाच वर्षं गेली. भाजीवाल्या, दूधवाल्या यांच्याकडून त्या मराठी शिकल्या. छावणी मोडली तशी बाकीची माणसं पांगली. बाईंना परत जायला दारच उरलं नव्हतं. त्या मुंबईला आल्या आणि मोठ्या घरांतल्या मुलांना पियानो शिकवू लागल्या. पुढे छाती बिघडली. डॉक्टरांनी समुद्रकाठी राहायला सांगितलं, म्हणून एका शेठनी नागावचा आपला वाडीतला बंगला त्यांना राहायला दिला. खोक्यात त्यांचा पियानो होता.

बैलगाडीतून तो नागावला नेला, खोकं फोडलं, आणि बाईंनी पुढची फळी काढली. मी आत डोकावलो. काय सांगू! शेकडो तारा उभ्या ताणलेल्या, वरच्या अंगाला लाकडाचा जाड फळा आणि त्यात ओळीनं ठोकलेल्या पोलादी खुंट्या, दोनशेवर. एकेक तार एकेका खुंटीला गुंडाळलेली. असली सुतारकी मी जन्मात पाहिली नव्हती. माझा मेस्त्रीपणा त्या क्षणी पार विरघळला. बाईंनी उभ्या उभ्याच दहा बोटं टेकवली आणि खोली भरून आवाज निघाला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण छातीत धडधडलं एवढं खरं.

"कसं काय, मेस्त्री?" बाई म्हणाल्या.

"बाई, ह्या फळ्यावर ताण केवढा असंल!"

त्या खूष झाल्या. म्हणाल्या, "सगळी मला सांगत्यात, आवाज ग्वाड हाय. तुम्ही पयले, ज्यांनी ताण बघितला."

अशी आमची गट्टी जमली. दमट जमिनीपासून वर राहावा म्हणून मी पियानोला सागाची बैठक करून दिली. वाऱ्याला आडोसा केला. बाई सकाळी वाजवायच्या, मधेच थांबायच्या, कागदावर काळे ठिपके काढायच्या. एकदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या स्वतः संगीत लिहीत. एक मोठी रचना त्यांनी लढाईआधी लिहिली होती, ती घराबरोबर जळाली. आता दहा वर्षं आठवून आठवून ती पुन्हा लिहीत होत्या. दोन भाग झाले, तिसरा राहिला होता. आणि फाल्गुनात, शिमग्याच्या आधी, त्यांच्या देशाचं कलावंतांचं पथक मुंबईला येणार होतं. पथकाचा पुढारी तिकडचा फार मोठा माणूस, शंभर-शंभर वादकांचा ताफा चालवणारा. त्याला बाईंनी पत्र घातलं होतं आणि त्याचं उत्तर आलं होतं, की मी एक दिवस तुमच्याकडे येतो, रचना पुरी असेल तर बरोबर नेतो, आपल्या देशात वाजवतो.

"आणि पुरी नसली तर?"

"तर न्हाई. परत कोण येतंय हितं?"

"कागदावरच लिवायची ना? मग पेटी कशाला लागते?"

"मेस्त्री, तुम्ही होडी डोक्यात बांधता का हातानं? हातातनं उतरल्याबिगर मला कागदावर घालता येत न्हाई."

हे मला लगेच पटलं.

मार्गशीर्षात बाईंना छातीच्या तपासणीसाठी पंधरा दिवस मुंबईला जावं लागलं. जाताना बंगल्याची चावी माझ्या हातात दिली. "मेस्त्री, जपा ह्याला. मीठ लागू देऊ नका." एवढंच बोलून त्या गेल्या.

आठव्या दिवशी मी पुढची फळी काढून पाहिलं. खुंट्यांच्या बुडाशी तांबूस ठिपके! गंज! आता कुठल्याही बंदरावरच्या कुठल्याही होडी-मेस्त्रीला विचारा, लाकडात ठोकलेलं लोखंड खाऱ्या हवेनं गंजू लागलं तर काय करायचं. झोपेतून उठवून विचारलंत तरी तो एकच उत्तर देईल.

मी मुशीचं तेल कढवायला ठेवलं तशी सुंदरा म्हणाली, "अवो, बाईंना इचारल्याव का?"

"मेस्त्री मी का तू?"

"तुमी होड्यांचे मेस्त्री. ती होडी न्हाय."

"लाकूड ते लाकूड."

"अति शहाना त्याचा बैल रिकामा," असं पुटपुटून ती आत गेली. मी लक्ष दिलं नाही. दोन दिवस बसून, कापसाच्या बोळ्यानं, एकेका खुंटीच्या बुडाशी गरम तेल सोडलं. लाकूड ते घटाघट प्यायलं. मी आणखी दिलं. काम झाल्यावर लांब उभं राहून पाहिलं आणि मला धन्य धन्य वाटलं. बाई परत येतील, बघतील आणि काय म्हणतील, याची चित्रं मी रंगवत होतो. करायला गेलो गणपती!

बाई आल्या. दारातच नाकाला रुमाल लावला. "मेस्त्री, उंदीर मेलाय का हितं?" मी हसत हसत म्हटलं, तुम्ही वाजवून तर बघा. त्यांनी हात ठेवला. आवाज आला तो फाटका. सूर उतरलेला. त्यांनी खुंट्या पिळायची किल्ली घेतली, एक खुंटी पिळून तार ताणली. किल्ली काढताच खुंटी आपली आपण मागे फिरली. दुसरी पिळली, तीही फिरली. तिसरी. बाईंनी बोट लावून बुडाशी पाहिलं, नाकाशी नेलं.

"मेस्त्री, ह्यात त्याल कुणी घातलं?"

"मी."

त्या खाली जमिनीवर बसल्या. मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आजारानं उतरलेल्या तोंडानं त्या फक्त फळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मला समजावलं. त्या खुंटीला ना आटे, ना पाचर. कोरडं लाकूड तिला घट्ट आवळून धरतं म्हणून तार ताणलेली राहते. तेल म्हणजे तिचं मरण. पियानो बनवणारे कारखान्यात तेलाचा डबासुद्धा जवळ ठेवत नाहीत.

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. होडीत तेलानं जीव राहतो आणि इथे तेलानंच जीव घेतला. ज्या माणसानं दहा वर्षं आठवून आठवून एक गोष्ट परत उभी केली, तिच्या शेवटच्या पायरीवर मी तेल ओतलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. सुंदराला सगळं कळलं, पण ती "सांगितलं व्हतं ना" असं एकदाही म्हणाली नाही. त्याचं मला जास्त लागलं.

बाईंनी मुंबईच्या एका दुरुस्तीवाल्याला पत्र घातलं. उत्तर आलं, फळा बदलावा लागेल, पियानो इकडे पाठवा, सहा महिने लागतील. फाल्गुनाला उरले होते दोन-सव्वादोन महिने. मी नेमका त्याच दिवशी तोंड लपवत बैठकीची फळी बघायला गेलो होतो. बाईंनी पत्र घडी करून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मेस्त्री, होडीला भोक सैल झालं तर काय करता?"

"गुट्टी मारतो."

"मग मारा की!"

मी मागे सरकलो. "नको, बाई. एकदा हात दाखवून अवलक्षण झालं. पुन्हा माझा हात नको त्याला."

"मग कुणाचा? हितं दुसरा हात कुठला हाय?" त्या उठून उभ्या राहिल्या. "माझा देश मोडला तवा कुणी बाहेरचा कारागीर आला न्हाई. ज्यांच्या हाताशी जे व्हतं त्यांनी त्येच जोडलं. तारा मी काढतो, मीच घालतो. लाकूड तुमचं." कोल्हापूरच्या बायका करतो-जातो म्हणतात, तशाच त्याही म्हणायच्या.

काम सुरू झालं. एक तार सैल करायची, खुंटी पिळून काढायची. सामत्यानं, म्हणजे दोरीनं फिरणाऱ्या आमच्या गिरमिटानं, भोक रुंद करत जायचं, तेल प्यालेलं लाकूड संपून कोरडं पांढरं लाकूड दिसेपर्यंत. मग शिसवीची गुट्टी सरस लावून ठोकायची, सुकू द्यायची, आणि तिच्या पोटात खुंटीहून किंचित बारीक नवं भोक पाडायचं. किंचित म्हणजे किती, हे कुठल्या पुस्तकात आहे? एका ठोकळ्यावर मी आठ दिवस नुसता सराव केला. भोक मोठं झालं की खुंटी फिरायची, लहान झालं की गुट्टी तडकायची. शेवटी हाताला माप सापडलं.

पण एक पेच होता. होडीतली गुट्टी पाणी पिऊन फुगते. इथे पाणी कुठलं? तो पेच सुंदरानं सोडवला. म्हणाली, "गुट्टी आधी हाडासारखी सुकवा. मग नुसत्या हवेनं फुगंल. माजं पापड न्हाय का मऊ पडत?" ती चुलीच्या ऊन राखेत रोज दहा गुट्ट्या पुरून सुकवायची, फडक्यात गुंडाळून माझ्याबरोबर नागावला यायची आणि एकेक मोजून हातात द्यायची. ज्या दमट हवेला मी शत्रू समजत होतो, तिच्यावरच आमचा सगळा भरवसा होता.

बाईंच्या खोलीत भिंतीवर तीन तसबिरी होत्या. एक जुन्या काळचा लांब केसांचा गृहस्थ, एक काळ्या झग्यातली गंभीर बाई, एक बारीक अंगाचा तरुण. सुंदरा रोज त्यांच्याकडे बघायची. एके दिवशी तिनं अबोलीचे तीन गजरे आणले आणि स्टुलावर चढून तिन्ही तसबिरींना घातले.

"ह्ये कशाला गं?" बाईंनी विचारलं.

"तुमचं सासू, सासरं आन दीर ना? कवापासून बिनहाराचं हायती."

बाई तेलानंतर पहिल्यांदा हसल्या. खोकला लागेपर्यंत हसल्या. मग त्यांनी सांगितलं. तो लांब केसांचा, सूर्य जागेवर आहे आणि पृथ्वी फिरते असं छातीठोक सांगणारा. ती बाई परदेशात, पडक्या शेडमध्ये काम करून, आपोआप उजेड देणारा धातू शोधणारी. तो तरुण पियानोसाठी गाणी लिहिणारा, परमुलखात मेलेला. "नात्यानं माझं कुणी न्हाई. पर आमच्याकडं घराघरात असली माणसं लावत्यात. आमचा देश शंभर वर्सांवर नकाशात नव्हता, ठावं हाय? शेजारच्या तीन राजांनी मिळून वाटून खाल्ला. तवा आम्ही कोण, ह्ये ह्या माणसांकडं बघून कळायचं."

सुंदरा विचारात पडली. "मंग शास्त्रं, गानी, पुस्तकं केलेली मानसं म्हंजे तुमचं वाडवडीलच की. असू द्या हार." बाईंनी ते हार राहू दिले. पुढे वाळले तशी सुंदरानं नवे आणले.

दीड महिन्यात शेवटची गुट्टी बसली. बाईंनी तारा चढवल्या, ताणल्या. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी मी आणि सुंदरा गेलो तेव्हा बाई एकेक पट्टी दाबून ऐकत होत्या. दोनशेवर खुंट्यांतल्या तीन फिरल्या होत्या. तीनच! त्या मी पुन्हा केल्या. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "मेस्त्री, आता तुम्ही जावा. मला येळ न्हाई." मी इतका आनंदानं कुणाच्या घरातून कधी हाकलला गेलो नव्हतो.

उरले वीस दिवस. बंगल्यातून सकाळ-दुपार आवाज येत राहायचा. पांडू तांडेल नागावला काही कामाला आला की कुंपणाशी उभा राहायचा आणि मला खबर द्यायचा, "मेस्त्री, आज लय वाजत व्हतं. भांडान झाल्यावानी."

शिमग्याच्या चार दिवस आधी तो मोठा माणूस आला. मुंबईहून लाँचनं रेवसला आणि तिथून मोटारीनं नागावला. उंच, पिकल्या केसांचा, उन्हानं लालबुंद झालेला. बाईंनी आम्हांला मुद्दाम बोलावलं होतं. मी धुतलेला सदरा घालून पडवीत बसलो, सुंदरा दाराआड. पाहुणे आत आले, भिंतीपाशी थबकले. तसबिरींवरचे ताजे हार बघून त्यांच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या.

बाईंनी वाजवलं. सगळं, तिन्ही भाग. किती वेळ ते माहीत नाही. खोली तापली तसा फळ्यातून मुशीचा वास दरवळू लागला. मी मान खाली घातली. पाहुण्यांनी एकदा नाक मुरडलं, मग डोळे मिटून घेतले, ते शेवटपर्यंत उघडले नाहीत.

रचना त्यांनी नेली, हे इथेच सांगून टाकतो. तिकडे ती वाजली. पुढल्या वर्षी बाईंनाही बोलावणं आलं, त्या गेल्या, आणि आज त्यांच्या देशात मोठ्या माणसांत त्यांचं नाव घेतात असं त्या शेठनी मला सांगितलं. तिकडे गेल्यावर मला पुन्हा त्या भेटल्या नाहीत, ही रुखरुख आहे. पण त्या दिवशीचा पुढचा अर्धा तास माझा आहे, तो मला सांगू द्या.

वाजवून झाल्यावर बाईंनी मला आत बोलावलं. त्यांच्या भाषेत पाहुण्यांना काही सांगितलं. त्या मोठ्या माणसानं उठून माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मान लववली. बाई म्हणाल्या, "मी सांगितलं, पियानो गेला व्हता, ह्या मेस्त्रींनी वाचवला."

"आणि घालवला कुणी, ते?"

"त्ये सांगाय नगो."

मला राहवेना. हात सोडवून घेतला. म्हटलं, "बाई, सांगा. अर्ध्या कामाचा मान मी घेत नाही. तेल मीच ओतलं, आणि कुणाला न विचारता ओतलं, ते सांगा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं. मी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होतो. वाटलं, आता चिडतील, नाहीतर हसतील. ते यातलं काहीच करेनात. खुर्चीत बसले आणि बोलू लागले. बाई एकेक वाक्य मला सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"ह्ये म्हणत्यात, लढाईचा शेवटचा हिवाळा व्हता. शहरात बर्फ. घरात सरपण न्हाई. आई आजारी. ह्यांनी कुऱ्हाड घेतली आणि आपला पियानो फोडला. त्यावर आठ दिवस शेगडी पेटली. आई ऱ्हायली न्हाईच. ह्ये म्हणत्यात, मेस्त्री, तुम्ही त्याल घातलंत. मी तर जाळला. तुम्हांला परत जोडता आला. मला न्हाई." बाई थांबल्या. "म्हणत्यात, त्या दिवसापास्नं मी पियानोला हात लावला न्हाई. दुसऱ्यांकडनं वाजवून घेतो."

दाराआडून सुंदराचा हुंदका ऐकू आला. मी पुढची फळी काढली आणि त्यांना माझ्या गुट्ट्या दाखवल्या. पिवळट फळ्यात काळ्या शिसवीच्या ओळी. त्यांनी एकेका गुट्टीवरून बोट फिरवलं, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. मग काहीतरी विचारलं.

"म्हणत्यात, ताण सोसतील का?"

मी म्हटलं, "बसा म्हणावं. जोरात वाजवा. काही होत नाही."

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग स्टूल ओढून बसले. पहिल्यांदा बोटं अडखळली, पोरांची अडखळतात तशी. चुकले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चुकले. बाई पुढे झाल्या नाहीत, मीही हललो नाही. तिसऱ्या वेळी सापडलं, आणि मग त्यांनी जे वाजवलं त्यानं पडवीतली भांडी थरथरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ठोकत होते. माझं लक्ष मात्र खुंट्यांवर होतं. एकही फिरली नाही.